सवाष्णीच्या हातची पोळी

पुंडलिकनगरात साळूबाईंच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. पाण्याचा टँकर उशिरा आला की ड्रायव्हर गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून आधी साळूबाई घरात आहेत का याचा अंदाज घ्यायचा. भाजीवाल्याने मेथीच्या जुडीत पिवळी पानं दडवली तर त्याचा पंचनामा भर रस्त्यात व्हायचा. बाई ठेंगणी, अंगाने भरलेली, पदर कायम कमरेला खोचलेला. कपाळावर टिकली नाही, पण ते मोकळं कपाळ त्यांनी असं काही वर धरलेलं असे की बघणाऱ्यानेच नजर वळवावी. एवढी फटकळ बाई, पण गरज घेऊन तिच्या दारात गेलेली कुठलीही बाई तशीच परत आली असं कधी झालं नाही.

दार म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड. शेडमध्ये मोठे तवे, गॅसच्या शेगड्या, पुरणयंत्र आणि लाटणाऱ्या बायका. या शेडमधून अर्ध्या शहराला पुरणाच्या पोळ्या जायच्या. पोळ्या करणाऱ्या सगळ्याच बायकांचे नवरे गेलेले होते. साळूबाईंनी तसं ठरवलेलं नव्हतं. एक आली, तिने दुसरीला सांगितलं, दुसरीने माहेरच्या वस्तीतली तिसरी आणली. दुःखाला पत्ता लवकर सापडतो.

साळूबाई मूळच्या देवगाव रंगारीच्या. नवरा वायरमन होता, खांबावरून पडला. तेव्हा त्या तिशीच्याही आत होत्या. पुढे पुतण्याच्या लग्नात घरात हळद चालली होती, आणि मोठ्या जावेने त्यांना मागच्या खोलीत बसवून ताट तिथंच आणून दिलं. "तू इथंच जेव माय, समोर नको येऊ," असं अगदी प्रेमाने सांगितलं. साळूबाई जेवल्या, ताट घासून पालथं घातलं आणि दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून शहरात भावाकडे आल्या. सिडकोतल्या बंगल्यांमध्ये पोळ्या लाटल्या, मग स्वतःचा तवा घेतला. ती मागची खोली त्यांनी कुणालाच माफ केली नाही.

नवी बाई आली की त्यांचं एक ठरलेलं भाषण असे. "रडायचं असंल तर रड. पर लाटत लाटत रड, कणकीला मीठ लागतंच. कुंकू लावायचं तर लाव, नसंल लावायचं तर नको लावू, तुझं कपाळ हाय. मान मात्र खाली घालायची नाय." बाई हसायची, मग रडायची, मग लाटायला बसायची. तिचा हात बसला की साळूबाई तिला स्वतःची गिऱ्हाइकं तोडून द्यायच्या, तवा द्यायच्या आणि "जा आता, माझ्या जिवावर किती दिवस जगतेस," म्हणून हाकलायच्या. कुणी हर्सूलला पोळ्यांची गाडी लावली, कुणी टीव्ही सेंटरच्या चौकात. मार्चमध्ये एका मंडळाने साळूबाईंना शाल-नारळ दिला, तेव्हा माईक हातात घेऊन त्या म्हणाल्या होत्या, "इधवा म्हून जो तोंड वाकडं करंल, त्याच्या तोंडावर लाटणं हाना!" टाळ्या थांबेनात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं. पण त्या दिवशी त्यांना स्वतःलाही ते खरंच वाटत होतं, हे सांगायला हवं.

रूपा त्यांच्याकडे आली ती गेल्या वर्षी. नवरा कृष्णा बिडकीनकडे एका कारखान्यात कामाला जायचा. मोटारसायकलला ट्रकने उडवलं. घरी सासू आणि चार वर्षांची पोरगी श्रेया. रूपा बोलायची कमी, पण तिचा हात असा हलका की पुरण कडेपर्यंत सारखं पसरायचं आणि पोळी तव्यावर कधी फुटायची नाही. साळूबाईंनी मनात ठरवून टाकलं होतं की हा सीझन झाला की रूपाला मोकळी करायची, तिच्या नावाची पाटी लावायची. तसं त्यांनी गोजरबाईलाही सांगितलं होतं. गोजरबाई ही शेडमधली सगळ्यांत जुनी बाई, बिडकीनच्या बौद्धवाड्यातली, साळूबाईंना अगं-तुगं करणारी एकटीच.

सीझन म्हणजे महालक्ष्म्यांचा. गणपती बसले की मागोमाग घरोघर महालक्ष्म्या उभ्या राहतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला पुरणाची पोळी लागतेच. त्या दिवसांतली कमाई वर्षभर पुरवून खायची असते. जुन्या शहरातल्या व्यापाऱ्यांच्या घरांत मात्र साळूबाईंचा अजून शिरकाव झालेला नव्हता. तिथं एका घराने नाव घेतलं की सगळी गल्ली मागे येते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि तिथल्या ऑर्डरींवरच रूपाची पाटी लागणार होती.

फोन आला तेव्हा साळूबाईंचे हात कणकेत होते, म्हणून रूपानेच फोन उचलून स्पीकर लावला.

"साळूबाई का? मी गुलमंडीतून द्वारकाबाई बोलते. खाली कापडाचं दुकान आहे ना, तेच घर आमचं. आमच्या मुनीमाकडं तुमच्या पोळ्या खाल्ल्या. बऱ्या होत्या."

अशा घरंदाज आवाजात 'बऱ्या होत्या' म्हणजे मोठीच पावती. साळूबाई सावरून बसल्या. द्वारकाबाईंनी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या पोळ्या सांगितल्या, आरतीचे पुरणाचे दिवे सांगितले, गूळ कसा हवा, जायफळ किती, सगळं बारीकसारीक सांगितलं. आणि शेवटी सहज विचारल्यासारखं विचारलं, "एक राहिलंच. लाटणारी सवाष्ण आहे ना? नैवेद्याचं आहे म्हणून विचारते. आमच्याकडं तशी रीत आहे."

शेडमधली सगळी लाटणी थांबली. बायकांनी साळूबाईंकडे बघितलं, आता बाईंचं तोंड सुटणार या खात्रीने बघितलं. एकीने तर हसू दाबायला पदर तोंडाला लावला.

साळूबाईंच्या डोळ्यांपुढे गुलमंडीची सगळी गल्ली उभी राहिली. समोर रूपा फोन धरून उभी होती. तोंडातून शब्द आले ते असे. "व्हय की, सवाष्णच हाय. रूपा नाव तिचं. लई हलका हात हाय पोरीचा."

"मग झालं तर," म्हणून तिकडून फोन बंद झाला.

रूपाने फोन फळीवर ठेवला आणि ती परत पोळपाटापाशी जाऊन बसली. मग गोजरबाई म्हणाली, "कोन सवाष्ण गं साळू?"

"धंद्यात थोडं बोलावं लागतं," साळूबाई म्हणाल्या. "तिथं कोन बघाया येणारे? रूपाला काय वाटत नाय. व्हय ना गं रूपा?"

रूपा लाटत राहिली. साळूबाईंनी ते 'हो' समजून घेतलं. गप्प माणसाचं 'हो' समजून घ्यायला किती सोपं असतं!

"आमच्यात ही भानगडच नाय," गोजरबाई म्हणाली, "म्हून मी काय सांगू तुला? पर त्या बाईला दोन शब्द सुनवायचे सोडून तू ह्या पोरीलाच इकलंस."

साळूबाई चिडल्या, भांडल्या, गोजरबाईला धंद्यातलं काय कळतं असंही म्हणाल्या. दिवसभर त्यांचा आवाज जरा जास्तच चढलेला होता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

जेवणाच्या दिवशी सकाळी पोळ्यांचे डबे भरून झाले. द्वारकाबाईंचा निरोप आला होता की डबे घेऊन तुमच्या त्या रूपालाच पाठवा, दिवे ताटात कसे लावायचे ते तिला दाखवायचंय. आता आली का पंचाईत! साळूबाईंनी रूपाला बाजूला घेतलं. कुंकवाची डबी, हिरव्या काचेच्या बांगड्या आणि पैठण गेटच्या गाड्यावरून आणलेलं खोटं मंगळसूत्र तिच्यापुढे ठेवलं.

"घडीभराचं काम हाय. डबे ठेवायचे, दिवे लावायचे आन माघारी फिरायचं. मी हायच संगं."

रूपाने कुंकू लावलं. बांगड्या भरल्या. मंगळसूत्र उचलून बघितलं आणि परत ठेवलं. "हे नको मावशी. खोटं नको. घालायचंच असंल तर माझं हाय घरी." ती घरी गेली आणि कृष्णाने बांधलेलं मंगळसूत्र गळ्यात घालून आली.

खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पोरीचा चेहरा बघून कुणीही थांबलं असतं. साळूबाई मात्र म्हणाल्या, "शाणी गं माझी बाय!" आणि रिक्षाला हात केला. पुढे किती तरी दिवस ते 'शाणी गं माझी बाय' त्यांना जेवताना आठवायचं आणि घास तोंडात फिरायचा.

गुलमंडीतलं घर दुकानाच्या वर, तीन मजली, नवं, लिफ्टसकट. वरच्या मजल्यावर आत महालक्ष्म्या उभ्या होत्या, अगरबत्तीचा वास दारापर्यंत येत होता. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर एक म्हातारी बाई बसली होती. फिकट साडी, कपाळ मोकळं, हातात काठी. साळूबाईंना वाटलं घरातली कुणी नातेवाईक असेल. त्यांच्या डोक्यातल्या द्वारकाबाईंच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं.

"द्वारकाबाई कुठं हायेत?"

"मीच की."

द्वारकाबाईंनी साळूबाईंच्या कपाळाकडे बघितलं आणि शेजारच्या खुर्चीकडे हात केला. "या, बसा इथं. तुमचंही माझ्यासारखंच दिसतंय. आत पोरींना करू द्या." मग रूपाकडे वळून त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "तू रूपा का? जा बाळा आत. आमची सून आहे, सायली, ती दाखवील."

दोघी बाहेर बसल्या. द्वारकाबाईंनी डब्याचं झाकण उघडून पोळीची कड दोन बोटांत धरून बघितली, पण तोडून चाखली नाही. "लाटणं हलकं आहे पोरीचं," त्या म्हणाल्या. "या घरात पोळ्या मीच करायचे. अख्ख्या गुलमंडीत माझ्या पोळीचं नाव होतं. सायलीला पुरण जमत नाही, तिला बँकेतून वेळ कुठला! आमचे यजमान, तात्यासाहेब, गेले तेव्हापासून मी या दिवसांत आत जात नाही. इथूनच दर्शन घेते." त्यात तक्रार नव्हती. पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

साळूबाईंना आपली ती मागची खोली आठवली. ताट आणून देणारी जाऊ आठवली. एवढी मोठी घरमालकीण स्वतःच्याच घरात बाहेर बसलेली, आणि तिला बाहेर बसवणारी रीत आपण 'व्हय की' म्हणून दामदुपटीने पक्की करून दिली, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांना तिथून उठून पळावंसं वाटलं.

तेवढ्यात सायली बाहेर आली. "आई, शेजारच्या काकूंना सुतक पडलंय. आत्ता फोन आला. सवाष्णीचा एक पाट रिकामा राहतो, आता ऐनवेळी कुणाला बोलावू?"

"त्यात काय एवढं?" द्वारकाबाई म्हणाल्या. "जिनं नैवेद्य केला ती सवाष्ण आत उभी आहे की. तिलाच बसव. तिच्याहून मानाची कोण?"

दाराच्या चौकटीत रूपा उभी होती. तिने साळूबाईंकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. मावशी आता काही तरी करेल, एवढाच भरवसा होता. पुंडलिकनगरात टँकरवाल्याला पळता भुई थोडी करणारी मावशी.

आणि साळूबाई म्हणाल्या, "बस की गं. देवीचं बोलावणं हाय, नाय म्हनू नये."

पुढचं सगळं त्यांनी बाहेरच्या खुर्चीवरून बघितलं. सायलीने रूपाचे पाय परातीत घेऊन धुतले, पुसले, त्यांवर कुंकवाची स्वस्तिकं काढली, वाकून नमस्कार केला. रूपाने पाय आखडून घेतले तशी आतल्या बायका कौतुकाने हसल्या. ताट वाढलं. रूपाने पोळीचा तुकडा तोडला आणि तो तिच्या हातातच राहिला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "भरून आलं पोरीला," बायका म्हणाल्या, "साक्षात लक्ष्मीच जेवतेय." सायलीने नारळ आणि खण घालून तिची ओटी भरली. द्वारकाबाईंनी बाहेरूनच दोन्ही हात उचलले. "जन्मसावित्री हो, बाळा!"

साळूबाईंना वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं. जन्मात कधी कुणासमोर खाली न गेलेली मान त्यांनी खाली घातली आणि फरशीकडे बघत बसल्या. एक शब्द पुरला असता, पण तो त्यांना काही केल्या सुचेना.

रिक्षात रूपा बाहेर बघत होती. मांडीवर ओटीचा नारळ. रूपाच्या घरापाशी रिक्षा थांबली तशी श्रेया धावत आली. आईच्या कपाळावरचं कुंकू, हातातल्या बांगड्या, गळ्यातलं मंगळसूत्र तिने डोळे मोठे करून बघितलं. मग आईला ओलांडून तिने रिक्षात वाकून बघितलं. आत साळूबाईच होत्या. तिने रिक्षाच्या मागे जाऊन बघितलं.

"पप्पा आले?"

रूपाने पोरीला उचललं आणि आत जाऊन दार लावलं. सासू ओट्यावर बसली होती. ती साळूबाईंकडे बघत राहिली. साळूबाईंनी रिक्षावाल्याला सांगितलं, "चल बाबा, चल लवकर." पळून आल्या, स्पष्टच सांगायचं तर.

दुसऱ्या दिवसापासून रूपा कामाला आली नाही. गुलमंडीतून मात्र पुढच्या सणांच्या ऑर्डरींसाठी फोनवर फोन येऊ लागले. द्वारकाबाईंनी नाव घेतलं होतं, सगळी गल्ली मागे आली होती. जे हवं होतं ते झालं होतं, आणि साळूबाईंना फोन उचलावासा वाटेना. शेडमध्ये त्यांचं ओरडणं बंद पडलं. बायकांना ते जास्त जड जाऊ लागलं. नवी एक बाई आली, वाळूजकडची, डोळे सुजलेली. तिच्यासमोर बसून साळूबाई नेहमीचं बोलायला लागल्या, "रडायचं असंल तर रड..." आणि 'मान खाली घालायची नाय' इथपर्यंत त्यांना येता येईना. त्यांनी त्या बाईला चहा दिला आणि गोजरबाईला हाक मारून स्वतः मोरीत भांडी घासायला गेल्या.

"जा तिच्याकडं," गोजरबाई मोरीच्या दारात येऊन म्हणाली.

"कोनत्या तोंडानं जाऊ?"

"हाय त्याच. दुसरं कुठून आनणार?"

पण साळूबाई रूपाकडे गेल्याच नाहीत. त्यांनी वेगळंच मनात घेतलं. आधी गुलमंडीत जाऊन खरं सांगायचं, ऑर्डरी जाऊ देत, नाव जाऊ दे, आणि मग धुतल्या तोंडाने रूपासमोर उभं राहायचं. या विचाराने त्यांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तेव्हाच शंका यायला हवी होती.

द्वारकाबाई त्याच खुर्चीत होत्या. सायली बँकेतून येऊन चहा घेत होती. साळूबाईंनी बसायच्या आतच सांगून टाकलं. "बाई, मी खोटं बोलले. रूपा सवाष्ण नाय. वरीस झालं तिचा मालक जाऊन. माझ्याकडं एक बी सवाष्ण नाय, सगळ्या माझ्यासारख्याच हायेत. मी धंद्यासाठी खोटं बोलले. काय शिक्षा द्यायची ती द्या."

सायलीचा कप तोंडाशीच राहिला. मग तिने तो खाली ठेवला. "अहो, मग तसं सांगायचं ना तेव्हाच. मला काय फरक पडतो? मी काही मानत नाही हे सगळं. आईंना चालत नाही म्हणून..."

"मला?" द्वारकाबाई म्हणाल्या. "मला चालत नाही? अगं, मी तर तुमच्यासाठी बाहेर बसते. तुम्हा नव्या सुनांना अशुभ वाटू नये म्हणून. तुम्ही कुणी 'आत या' म्हणाला नाहीत, मला वाटलं तुम्हालाच नको आहे."

रीत अशी घरात बसलेली असते, प्रत्येकाला वाटतं ती दुसऱ्याची आहे. द्वारकाबाईंनी काठीवर हनुवटी टेकली. मग साळूबाईंना म्हणाल्या, "म्हणजे त्या पोरीच्या हातचं महालक्ष्मीनं खाल्लं. घराला काही झालं नाही. दुकानही चालू आहे. मग मी इथं कशाला बसले होते हो?"

साळूबाई जायला वळल्या.

"आणि तुम्ही!" म्हातारीचा आवाज आता कापत होता. "मी विचारलं ते माझं चुकलं असेल. पण तुम्ही तर जाणत्या होतात. तुमचं कपाळ माझ्यासारखं. तुम्ही म्हणायचं होतंत मला, 'म्हातारे, तूच का नाही लाटत?' मी वाट बघत होते की काय कोण जाणे, कुणी तरी म्हणावं म्हणून." त्यांनी डोळे पुसले. "जा आता. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. त्या पोरीला सांगा, मी दिलेला आशीर्वाद... नको, काहीच सांगू नका. काय सांगणार?"

शिव्या मिळाल्या असत्या तर साळूबाईंना चाललं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं. गुलमंडीतून त्या पायीच निघाल्या. शरम वाटत होती. तरी मनात कुठे तरी हेही होतं की झालं, सांगून टाकलं, आता रूपाला तोंड दाखवता येईल.

रूपाच्या घराचं दार उघडं होतं. ती पुढच्याच खोलीत तव्यापुढे बसली होती. साध्या गव्हाच्या पोळ्यांची चळत बाजूला. कपाळ मोकळं, हात मोकळे. शेजारच्या कॉलेजच्या पोरांच्या डब्यांच्या पोळ्या तिने करायला घेतल्या होत्या, कुणाला न विचारता, स्वतःच हिंडून मिळवल्या होत्या. साळूबाई उंबऱ्यातच बसल्या.

"रूपा, मी गुलमंडीला जाऊन आले. समदं खरं सांगितलं त्यांना."

रूपाचं लाटणं थांबलं. "काय सांगितलं?"

"हेच की तू सवाष्ण नाय. कृष्णा गेला ते. माझंच चुकलं, तुझा काय दोष नाय, हे बी सांगितलं. ऑर्डरी गेल्या तर जाऊ दे."

त्यांना वाटलं होतं रूपा रडेल, गळ्यात पडेल, नाही तर निदान 'बरं केलंत' म्हणेल. रूपाने गॅस बारीक केला आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं.

"त्या बाईनं माझे पाय धुतले व्हते, मावशी. तिला मी सांगणार व्हते. माझ्या तोंडानं. धीर गोळा करू लागले व्हते रोज. तुमी तेबी घेतलं माझ्याकडून."

"अगं, मला वाटलं..."

"तुमी मला न इचारता सवाष्ण केलं," रूपा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आन आज न इचारताच रंडकी करून आल्या. येक डाव तरी इचारायचं व्हतं, की रूपा, तुला काय म्हनायचं हाय?"

आतून श्रेयाची बडबड ऐकू येत होती, आजी तिला जेवू घालत होती. साळूबाईंना त्यांची सगळी भाषणं आठवली. तुझं कपाळ हाय, तुझं कपाळ हाय, असं किती बायकांना त्यांनी सांगितलं होतं! त्यांना वाटत होतं त्या रूपाला उभं करतायत. रूपा उभीच होती, त्यांनीच तिला हाताला धरून इकडून तिकडे बसवलं होतं, देवघरात काय आणि मागच्या खोलीत काय. ती थोरली जाऊ आपणच, हे त्यांना तेव्हा कळलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. गुलमंडीत हेच शब्द धडाधड आले होते. इथं एकेक शब्द घशातून ओढून काढावा लागला. "आता इचारते. येशील का परत?"

रूपाने पोळी तव्यावर टाकली, उलटली, कापडाने कडा दाबल्या. उत्तर द्यायची तिला घाई नव्हती. साळूबाईंनी आयुष्यात इतका वेळ कुणाच्या उत्तराची वाट बघितली नव्हती.

"नाय, मावशी," रूपा म्हणाली.

साळूबाईंच्या तोंडाशी दहा वाक्यं आली. दसरा-दिवाळी तोंडावर आहे, पाटी लावायची होती, एकटीने कसं निभेल, पोरीचं कसं होईल. त्यांनी ती सगळी गिळली. "बरं," एवढंच म्हणाल्या, आणि उंबऱ्याला हात टेकून उठल्या.